क्षमेनंतरचे काम

१८४३ साली मुंबईत एका लहान मुलावरून मोठे वादळ उठले. श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मणाचा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्याकडे जेवला होता. त्याचा थोरला भाऊ नारायण याने तर बाप्तिस्माच घेतला होता. वडील कोर्टात गेले, मुलगा त्यांना परत मिळाला. पण आता त्याला ज्ञातीत घ्यायचे की नाही, यावरून शास्त्रीमंडळींत दोन तट पडले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, ही बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी लावून धरली आणि सनातन्यांचा राग ओढवून घेतला. त्या पोराच्या हातून कोणाचे काय वाईट झाले होते? कोणाचेच नाही. दोष पंक्तीचा होता. तो घालवायचा विधी कोणता, तो कोणी सांगायचा आणि कोणी मान्य करायचा, यावर सगळा वाद होता.

ख्रिस्ती धर्म आणि प्रायश्चित्त हे दोन शब्द एका दमात ऐकले की मराठी वाचकाच्या मनात आजही असेच काहीसे उभे राहते. त्यात नवल नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्यायच प्रायश्चित्ताचा आहे, आणि म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा पैस किती मोठा होता ते दाखवून ठेवले आहे. पाप कोणते, त्यावर व्रत कोणते, किती दिवसांचे, ही भाषा आपल्या घरातलीच. तेव्हा चर्चमधला पश्चात्ताप म्हणजे त्याच हिशेबाची परदेशी वही असावी, असा समज सहज होतो. काही शतके चर्चने तो समज खराही करून दाखवला. येशूच्या शिकवणीत मात्र गोष्ट दुसऱ्याच टोकाने सुरू होते. पुढचे लेख वाचायचे तर ते टोक आधी हाती लागायला हवे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दृष्टान्त चर्चची पायरी कधी न चढलेल्यांनाही ठाऊक असतो. धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, परमुलखात जाऊन उडवतो, दुष्काळ पडतो आणि त्याच्यावर डुकरे राखायची पाळी येते. यहुद्याच्या पोराने डुकरे राखायची, म्हणजे घसरायला आणखी जागा उरली नाही. तिथे तो भानावर येतो. कशाने? भुकेने. बापाच्या घरी गड्यांनाही पोटभर भाकरी मिळते आणि मी इथे उपाशी मरतो, हा त्याचा विचार. बापाला काय वाटले असेल, याचा त्यात मागमूस नाही. मग तो मनाशी एक भाषण जुळवतो. त्याची तीन कलमे आहेत: मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला गडी म्हणून ठेवा. तिसऱ्या कलमात एक सौदा लपलेला आहे. राबून फेडीन आणि मोबदल्यात भाकर खाईन, म्हणजे उपकार कोणाचे नकोत.

प्रत्यक्षात काय झाले ते लूकने बारकाईने टिपले आहे. मुलगा अजून लांब आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळच्या इभ्रतदार म्हाताऱ्याने अंगरखा सावरत गावच्या रस्त्याने धावणे शोभण्यासारखे नव्हते. तो मुलाच्या गळ्यात पडतो, त्याचे मुके घेतो, आणि हे सगळे पोराने तोंड उघडण्यापूर्वी. मग पोरगा पाठ केलेले बोलू लागतो. पहिली दोन कलमे होतात. तिसरे बाहेर पडतच नाही, कारण तोवर बाप चाकरांना हुकूम सोडू लागला आहे: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. अनवाणी राबणारा गडी होण्याची त्याची मागणी ऐकून घ्यायलाही कोणी थांबत नाही.

ख्रिस्ती शिकवणीत क्षमेची जागा कुठे आहे, हे त्या न बोललेल्या कलमावरून जितके कळते तितके जाडजूड ग्रंथांवरून कळत नाही, असे माझे मत. मुलाचा पस्तावा अर्धाकच्चा होता, पोटासाठीचा होता, तरी चालला. क्षमा त्याच्या आधीच घरातून निघाली होती. पण मग माणूस बदलतो केव्हा? दृष्टान्तात याचे उत्तर नाही. मेजवानी सुरू होते, थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो आणि गोष्ट तिथेच तुटते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा शेतावर गेला का, भावाशी काय बोलला, काही कळत नाही. त्यासाठी लूक चार अध्यायांनंतर दुसराच माणूस समोर आणतो.

जक्कय हा यरीहोतल्या जकातदारांचा मुख्य. रोमी सरकारसाठी जकात वसूल करायची आणि वर आपला हात मारायचा, असा तो धंदा. तो ठेंगणा असल्याने गर्दीत येशू दिसेना, म्हणून रस्त्याकडेच्या उंबरावर चढून बसला. येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याकडे उतरणार असे सांगितले. गाव कुरकुरले. इथेही पाहुणा आधी आला. जक्कयने तोवर काहीच कबूल केले नव्हते. मग मात्र त्याने उभे राहून जाहीर केले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट. चौपट हा आकडा उत्साहाच्या भरात तोंडून गेलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, आपण होऊन कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा भरला की पुरे. मेंढीच्या चौपट भरपाई आहे ती मेंढी चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. जक्कयने स्वतःला चोराचे कलम लावून घेतले. आता थोडा हिशेब करून पाहा. अर्धी इस्टेट आधीच गेली. एकूण मालमत्तेचा आठवा हिस्सा जरी फसवणुकीचा असला, तरी त्याच्या चौपटीत उरलेली अर्धीही संपते. त्याच्या धंद्यात फसवणूक आठव्या हिश्श्यावर थांबत असेल, असे यरीहोत कोणालाच वाटत नसणार.

या गोष्टीत रडण्याचा उल्लेख नाही. यार्देनकाठी योहानाचा उपदेश ऐकून लोकांनी 'आता आम्ही काय करावे' असे विचारले, तेव्हा त्याचीही उत्तरे अशीच रोकडी होती: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त जकात घेऊ नका, आणि शिपायांनो, दमदाटी करून पैसे उकळू नका.

यहूदा इस्कार्योताचे प्रकरण मात्र या सरळ मांडणीला अडते, आणि प्रवचनांतून ते घाईने उरकले जाते. मत्तय सांगतो की त्याला पस्तावा झाला. घेतलेली चांदीची तीस नाणी त्याने परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिल्याची कबुली दिली. कबुली झाली, भरपाईही झाली. ज्या याजकांपुढे तो उभा होता त्यांनी मात्र तुझे तू पाहा म्हणून त्याला झटकले. तो एकटाच बाहेर पडला आणि त्याने गळफास घेतला. येशूला धरले त्याच रात्री पेत्रानेही त्याला तीनदा नाकारले होते. पण तो उरलेल्या शिष्यांच्या सोबत राहिला, आणि पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी येशूने त्याला तीनदा एकच प्रश्न विचारून कळप सांभाळण्याचे काम दिले. या दोघांतला फरक पस्ताव्याच्या खरेपणात शोधणाऱ्यांशी माझे जमत नाही. एकाला दारात घ्यायला माणसे होती, दुसऱ्याला नव्हती.

दारात घ्यायचे की नाही, हा प्रश्न चर्चपुढे खरोखर उभा राहिला तो इ. स. २५०च्या सुमारास. सम्राट डेशियसने फर्मान काढले की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना बळी वाहावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडले आहेत. मजकूर साधारण ठरीव: मी नेहमीच देवांना बळी वाहत आलो आहे, आताही तुमच्यासमोर वाहिला, प्रसाद भक्षण केला, कृपया तसे लिहून द्यावे. खाली साक्षीदाराची सही. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला, कित्येकांनी चिरीमिरी देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर यांतले पुष्कळजण चर्चच्या दाराशी परत आले. आत मंडळी होती त्यांच्यापैकी कोणाचा भाऊ तुरुंगात मेलेला, कोणाची जमीन गेलेली.

रोममध्ये नोव्हेशियनने दार बंदच ठेवा म्हटले. दुसरीकडे, तुरुंगात हाल सोसलेल्या मंडळींनी माफीच्या चिठ्ठ्या घाऊक वाटायला सुरुवात केली. कार्थेजचा बिशप सिप्रियन या दोन्हींच्या मधे सापडला. छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता आणि ते लोक विसरले नव्हते. २५१च्या धर्मसभेत त्याने तोडगा काढला. नुसता दाखला घेणाऱ्याची चौकशी करून त्याला परत घ्यावे, बळी वाहणाऱ्याने दीर्घ प्रायश्चित्त करावे. लवकरच नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा त्यांनाही आत घेतले गेले, कारण बाहेर ठेवलेल्या माणसाकडून पुन्हा मरायची अपेक्षा कशी करायची? सिप्रियनचे स्वतःचे मस्तक २५८ साली उडवले गेले. मुंबईतल्या शास्त्रीमंडळींचा वाद आणि हा वाद यांत एक साम्य नजरेत भरते: दोन्हीकडे बाहेरचा माणूस गप्प आहे आणि आतले भांडत आहेत. या काळात प्रायश्चित्त चारचौघांत होत असे आणि त्यातून थोरामोठ्यांची सुटका नव्हती. थेस्सलनीकात हजारोंची कत्तल करवणाऱ्या सम्राट थिओडोशियसला मिलानच्या बिशप अँब्रोजने ३९० साली प्रायश्चित्त केल्याशिवाय पवित्र भोजनाला बसू दिले नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण या पुस्तकात तो सविस्तर येणार आहे. आयरिश मठवासीयांनी खासगी कबुलीची पद्धत युरोपभर नेली आणि सोबत पापांची कोष्टके नेली: अमुक अपराधाला इतके दिवस भाकर आणि पाणी. स्मृतिग्रंथांशी ज्याचा परिचय आहे त्याला ती कोष्टके वाचताना ओळखीचे काहीतरी भेटते. १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणे प्रत्येकाला बंधनकारक केले आणि ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेची सक्त अट घातली. पुढे दंडमाफीची पत्रे पैशाला मिळू लागली. १५१७ साली विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या पंच्याण्णव प्रमेयांतले पहिलेच प्रमेय या विषयावर लिहिले: श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असे त्याचे म्हणणे. आज कॅथोलिक चर्चमध्ये दिसते ती जाळीची लाकडी कबुलीपेटी फार जुनी नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी ती रूढ केली; कबुली देणारी व्यक्ती आणि धर्मगुरू यांच्यामध्ये आडपडदा असावा, हा तिचा व्यावहारिक हेतू.

वसईच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घ्यायला रांग लागते. ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. जयजयकारासाठी हातात धरलेलीच वस्तू वर्षाने कपाळी लागते. अहमदनगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत राखेपेक्षा ना. वा. टिळकांची भजने जवळची. तुकोबांचे बोट धरून ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीमुळे मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या अपराधाविषयी अभंगाच्या चालीवर बोलता येऊ लागले.

क्षमेनंतर माणूस बदलतो, त्या नवजीवनाविषयी बोलायचे तर महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंना ओलांडून जाता येत नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. तीर्थयात्रा, व्रते, दानधर्म, शास्त्रात सांगितले ते सारे या कुटुंबाने केले, आणि दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीच्या हालांत गेली. १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर इकडे केवढा गहजब झाला ते सर्वश्रुत आहे. त्यानंतरचे सहसा कोणी सांगत नाही. १९०७च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ताचा धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. एव्हाना त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या, अमेरिका फिरून आल्या होत्या, शारदा सदन सुरू झाले होते. अशा वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन पडले. हा गृहस्थ कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये, आपलेच प्रवचन देता देता बदलला होता. ते वाचून रमाबाईंना स्वतःची स्थिती उमगली: धर्म बदलला, वाचन झाले, सेवा झाली, तरी आत काहीतरी तसेच राहिले आहे. विद्वान बाईने, तीही एवढी टीका सोसून धर्मांतर केलेल्या बाईने, हे छापून सांगावे याला मोठे धैर्य लागते. तिच्या विरोधकांना याहून चांगले हत्यार कोण देणार होते?

१९०५च्या जूनअखेरीस रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. वेल्समध्ये आदल्या वर्षी सुरू झालेल्या जागृतीची बातमी आली होती, मुली महिनोन्महिने प्रार्थनेला जमत होत्या. मग एका पहाटे त्यांच्यात रडण्याचा, पापकबुलीचा पूर लोटला. एका मुलीला ज्वाळांनी वेढल्यासारखे पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असे तिथल्या मिनी अब्राम्स यांनी नोंदवले आहे. ज्वाळांचे ज्याने त्याने ठरवावे. मला बादली खरी वाटते. शेकडो मुलींनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना काही गोऱ्या मिशनऱ्यांना रुचली नाही. रमाबाईंनी मात्र, हिंदी माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे व्यक्त होऊ द्यावे, अशी बाजू घेतली. रडून झाल्यावर या मुली तुकड्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला निघाल्या. त्यांच्यात दुष्काळात उचलून आणलेल्या पोरी होत्या, बालविधवा होत्या. पाप झाले असेल तर ते त्यांच्यावर अधिक झाले होते. अशा मुलींनी कशाचा पश्चात्ताप करावा, हा प्रश्न आजच्या वाचकाला टोचणारच. एवढे दिसते की ज्यांना आजवर फक्त दुर्दैवाची धनी मानले गेले, त्या तिथे पहिल्यांदा आपल्या कर्माच्या स्वतः मालकीण म्हणून बोलत होत्या.

स्वस्तातल्या क्षमेचे काय, हा प्रश्न विसाव्या शतकात जर्मनीत ऐरणीवर आला. डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ सालीच, किंमत न मोजता वाटली जाणारी कृपा चर्चचा घात करते, असा इशारा दिला होता. १९४५च्या एप्रिलमध्ये नाझींनी त्यांना फाशी दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन प्रॉटेस्टंट नेत्यांनी स्टुटगार्ट येथे अपराधाची जाहीर कबुली दिली. आपण पुरेसे धैर्य दाखवले नाही, पुरेशी प्रार्थना केली नाही, प्रेमात कमी पडलो, असा तिचा सूर. त्या निवेदनात ज्यूंचा उल्लेखच नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे नाव न घेता केलेली ही कबुली प्रामाणिक नव्हती असे मी म्हणणार नाही, पण ती वाचताना दाविदाची आठवण येते.

दाविदाने बथशेबेला वाड्यावर बोलावून घेतले. तिचा नवरा उरीया हित्ती आघाडीवर लढत होता. पाप झाकावे म्हणून राजाने त्याला रजेवर बोलावले, तर हा गडी घरी जाईना. सोबती उघड्या रानात तळ देऊन असताना आपण घरी जाऊन निजायचे कसे, म्हणाला आणि वाड्याच्या दाराशी झोपला. मग दाविदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले, याला तुंबळ लढाईच्या तोंडी देऊन मागे फिरा म्हणून, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. नाथान संदेष्ट्याने पुढे राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजाने भडकून निवाडा दिला: चौपट भरून द्यावे. तो माणूस तूच, हे त्याला त्यानंतर कळले.

परंपरेने याच प्रसंगाशी जोडलेले एक्कावन्नावे स्तोत्र उपवासकाळात जगभर म्हटले जाते. नव्या अंतःकरणाची इतकी आर्त मागणी बायबलमध्ये दुसरी नाही. ४३० साली हिप्पो शहराला व्हँडलांचा वेढा पडला असताना मरणाला टेकलेल्या ऑगस्टिनने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावायला सांगितली होती आणि अंथरुणातून तो ती वाचत होता, असे त्याचा चरित्रकार पोसिडियस सांगतो. पण या स्तोत्रात आपला अपराध एकट्या देवाविरुद्ध घडला असेही म्हटले आहे. उरीया कुठे गेला? प्रत्येक पाप अखेर देवाविरुद्धच असते, हे पंडितांचे उत्तर मला समजते. ते पुरे पडत नाही. बॉस्टनमध्ये, आयर्लंडमध्ये धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आली तेव्हा पुन्हा पुन्हा हेच दिसले: अपराध्याला पस्तावा झाल्याचे मानून वरिष्ठांनी त्याला दुसऱ्या धर्मग्रामात हलवले, आणि त्या मुलांना कोणी काही विचारलेच नाही. वेदीपाशी आलेल्या माणसाला आपल्या भावाचे काही देणे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, ही मत्तयाने नोंदवलेली येशूची आज्ञा या वरिष्ठांनी अनेकदा मोठ्याने वाचून दाखवली असणार.

म्हणून या पुस्तकात क्रम मुद्दाम ठरवला आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकावरचा लेख पहिला, त्यात उरीयाला बथशेबेइतकी आणि दाविदाइतकी जागा आहे. स्तोत्रावरचे चिंतन त्याच्या मागून येते, आणि उपवासकाळातल्या प्रार्थना अगदी शेवटी. रोज एक पान वाचायचे म्हणून ज्यांना प्रार्थनाच आधी उघडायच्या असतील त्यांनी खुशाल उघडाव्यात, पण पहिला लेख गाळू नये.